लाल दिव्याची गाडी

मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे 1 मे 2017 पासून उतरले. लोकशाहीच्या दृष्टीने बरंच झालं. सामान्य माणसाच्या वाट्याचा लाल दिवा मात्र होता तिथेच राहिला, डॅशबोर्डात. फरक एवढाच, की टपावरचा दिवा लागला की रस्त्यातले लोक बाजूला होत. डॅशबोर्डातला लागला की बाजूचे लोक रस्त्यात येतात.

हा दिवा म्हणजे एक चिमुकलं चित्र असतं. कारखानदाराच्या मते ती तेलाची झारी असून तिच्या चोचीतून एक थेंब गळतोय. आमच्या मुलीच्या मते तो अल्लाउद्दीनचा दिवा आहे, बायकोच्या मते किटली, आणि सासूबाईंनी तर एकदा मागच्या सीटवरून विचारलं होतं, "गाडीत समई कशाला लावलीय?" कुणाला काहीही वाटो, चावी फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. विझला नाही किंवा चालत्या गाडीत लागला, तर काय करायचं ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

ती पुस्तिका मी वाचली आहे. आमच्या सोसायटीत हा चेष्टेचा विषय आहे. बाकीच्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीसकट डिकीत ठेवली, कारण गाडी विकताना 'पुस्तिका कोरी आहे' असं सांगता येतं. मी मात्र पहिल्याच आठवड्यात अथपासून इतिपर्यंत वाचली, कारण गाडी चालवायची भीती वाटत होती आणि वाचायला काही लायसन लागत नाही. त्यात स्पष्ट म्हटलंय: चालताना हा दिवा लागल्यास गाडी ताबडतोब सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे.

ही सूचना लिहिणाऱ्याने शनिवारची संध्याकाळ आणि वसईचा माणिकपूर नाका या दोन गोष्टी एकत्र पाहिलेल्या नसाव्यात. तिथे सुरक्षित जागा नसते. जागाच नसते. माझा दिवा लागला तेव्हा उजवीकडे एसटी, डावीकडे भाजीची गाडी, पुढे रिक्षा आणि मागे दुसऱ्या रिक्षेचं पुढचं चाक होतं. तरी मी पुस्तिकेला स्मरून इंजिन बंद केलं. पुढच्या पाच सेकंदांत मागे जे हॉर्न वाजले, ते ऐकून कुणाला वाटावं की वऱ्हाड आलं.

मागचा रिक्षावाला उतरून आला. "काय झालं काका?"

"ऑईलचा दिवा लागलाय."

"मग?"

या 'मग?'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या आवाजात तिरकसपणा अजिबात नव्हता. दिवा लागलाय हे त्याला कळलं होतं. त्यासाठी गाडी का थांबवायची, एवढंच कळत नव्हतं. "चालवा ना. काय होत नाय."

'काय होत नाय' हे वसई-विरारचं ब्रीदवाक्य करायला हरकत नाही. गाडी चालू ठेवून जाणारा माणूस तिथे शहाणा ठरतो आणि इंजिन बंद करणारा घाबरट. बघता बघता माणसं जमली. चिमाजीअप्पांनी 1739 साली वसईचा किल्ला घेतला तेव्हाही त्यांच्याभोवती एवढे सल्लागार नसतील. असते तर किल्ला अजून पोर्तुगीजांकडे असता.

पहिला म्हणाला, "बल्ब गेलाय."

"गेलाय तर लागलाय कसा?"

यावर तो थोडा विचारात पडला आणि म्हणाला, "तसा गेला नसेल. बिघडलाय."

दुसऱ्याने उंदरांवर संशय घेतला. उंदराने वायर खाल्ली. हे कारण आमच्याकडे कशालाही चालतं, आणि दहातून एकदा खरंही असतं, म्हणून ते मरत नाही. तिसऱ्याने खिडकीतून हात घालून वास घेतला आणि पेट्रोलमध्ये पाणी असल्याचं जाहीर केलं. चौथ्याने माझ्या परवानगीशिवाय बॉनेट उघडलं. बॉनेट उघडणाऱ्या माणसाला गर्दीत आपोआप मान मिळतो. मग तो आत नुसता बघत राहिला तरी चालतं. हा बघत राहिला.

"आधी पट्टी काढून ऑईल बघू," मी म्हणालो. पट्टी म्हणजे डिपस्टिक. ती ओढायची, पुसायची, परत पूर्ण घालायची, पुन्हा ओढायची आणि मग वाचायची. पहिल्या ओढीला जे दिसतं ते खरं नसतं. गाडी सपाटीवर हवी आणि इंजिन बंद करून काही मिनिटं झालेली हवीत. मिनिटं तर भरपूर झालेली होती. पण पुसायला फडका? एवढे तज्ज्ञ जमले होते, कुणाकडे फडका नव्हता. शेवटी माझा वाढदिवसाचा पांढरा रुमाल कामी आला. तो अजूनही पांढरा नाही.

ऑईल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं. गर्दीचा हिरमोड झाला. आणि मग जे व्हायचं तेच झालं. कोणीतरी परोपकारी गृहस्थ शेजारच्या दुकानातून एक लिटरचा डबा घेऊन आले आणि मी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत त्यांनी तो अख्खा ओतला. "कमी पडायला नको," ते म्हणाले. डब्याचे पैसे मी दिले.

वरच्या खुणेच्या वर ऑईल गेलं की फिरणारा क्रँक त्यात बुडून ते घुसळतो, त्याला फेस येतो, आणि फेस आला की पंप तेलाऐवजी हवा ओढतो. म्हणजे जो आजार नव्हता तोही आता माझ्या गाडीला लागू झाला होता. मुळात हा लाल दिवा 'ऑईल किती आहे' हे सांगतच नाही. तो सांगतो दाब. गरम इंजिन नुसतं उभं असताना तेलाचा दाब साधारण एक बार असतो, रस्त्यावर तीन-चारच्या घरात जातो. आणि तो अर्ध्या बारच्याही खाली घसरला की हा दिवा लागतो. आपल्या टायरमध्ये सव्वादोन बार हवा असते. म्हणजे दिवा लागतो तेव्हा इंजिनाच्या रक्तवाहिन्यांत चाकातल्या हवेइतकाही जोर उरलेला नसतो. हे मी त्या गृहस्थांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "वरून अजून अर्धा लिटर घालू का?"

तेवढ्यात पुण्याच्या मेहुण्याचा फोन आला. बायकोनेच लावून दिला होता. "भावजी, काय तुम्ही! मी एकदा नाशिकपासून घरापर्यंत तो दिवा लावून आलोय. काही होत नाही." पुढच्याच महिन्यात त्याच्या गाडीचं इंजिन उतरवावं लागलं होतं, क्रँकची बेअरिंगं पार खाल्ली गेली होती आणि आलेलं बिल त्याने मलाच फोटो काढून पाठवलं होतं. पण त्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं त्याला कधी वाटलं नाही. मेहुणे मंडळी घटना सुट्या सुट्या जगतात.

मिनिटाला दोन-तीन हजार गरके घेणारा तो क्रँक खरं तर बेअरिंगला टेकलेलाच नसतो. मध्ये केसाहून बारीक तेलाचा थर असतो, त्यावर तो तरंगत फिरतो. तो थर टिकवायचा, पुढे वर कॅमशाफ्टपर्यंत तेल चढवायचं, वाटेत फिल्टरमधून गाळून घ्यायचं, हे सगळं एकट्या ऑईल पंपाच्या जिवावर. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत तो क्रँकच्या पुढच्या टोकाशीच बसवलेला असतो: एका दातेरी कड्यात दुसरं दातेरी चक्र, आतल्याला एक दात कमी. त्या एका कमी दातामुळे दोघांमधली पोकळी मोठी-लहान होत राहते, तेल ओढलं जातं आणि ढकललं जातं. इंजिन फिरलं की हा फिरणार, इंजिन थांबलं की थांबणार. रजा नाही, बढती नाही, कौतुक नाही. दाब फार वाढला तर जास्तीचं तेल परत पाठवायला एक स्प्रिंगची झडप दिलेली असते. आमच्या गर्दीला अशी झडप असती तर बरं झालं असतं.

अखेर टेम्पो मिळाला. दोरी बांधताना टेम्पोवाल्याने बजावलं, "चावी काढू नका, स्टेअरिंग लॉक होईल." चावी घातलेली म्हणजे दिवा लागलेला. अशा रीतीने पुढे पायलट टेम्पो, मागे लाल दिव्याची गाडी, दोन्ही बाजूंना थांबून बघणारी जनता, असा माझा ताफा माणिकपुरातून निघाला. इंजिन बंद असलं की ब्रेकला पहिल्या एक-दोन दाबांपुरती मदत मिळते. मग पेडल दगड होतं. स्टेअरिंग फिरवायला आजीचं जातं फिरवणारे हात हवेत. उड्डाणपुलावर चढताना टेम्पो मला ओढत होता, उतरताना मी टेम्पोला ढकलायला बघत होतो, आणि मधल्या काळात दोरी सैल पडली की बायको डोळे मिटत होती. एक गृहस्थ पिशव्या घेऊन चालत आम्हाला मागे टाकून गेले. जाताना म्हणाले, "बल्ब असेल."

पूर्वेकडच्या पहिल्या गॅरेजमध्ये मिस्त्रीने मोठा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, त्याची मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि पोऱ्याला म्हणाला, "मार सेल्फ." तो ऐकत होता तेवढा वेळ माझी स्वतःची हाडं कुरकुरत होती. ऐकून झाल्यावर त्याने निदान केलं, "सेन्सर." सेन्सर बदलला. दिवा तसाच. मग त्याने जास्तीचं ऑईल काढलं, ते मात्र चांगलं केलं. दिवा तसाच.

"आता?" मी विचारलं.

"शेठ, एक करू शकतो. वायर काढून टाकतो. दिवा परत दिसणार नाय."

"पण दाब?"

"दिवाच दिसला नाय तर दाब कशाला बघताय?"

या युक्तिवादात काहीतरी भव्य आहे. पुष्कळ मोठमोठे कारभार याच तत्त्वावर सुरळीत चाललेले असतात. मी पैसे दिले, पुन्हा टेम्पो बोलावला आणि गाडी घरी आणून उभी केली. बरेच दिवस ती तिथेच होती. माणिकपूरचं सेंट मायकल चर्च 1606 सालचं. त्यानंतर या गावात इतक्या चिकाटीने एका जागी उभी राहिलेली वस्तू माझी गाडीच असावी. मांजरांनी टपाचा ताबा घेतला. सेक्रेटरींनी मेंटेनन्सच्या नोटिशीखाली 'बंद वाहनांबाबत' असा नवा मुद्दा घातला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वाडीवाले आजोबा राहतात. वाडी आता उरलेली नाही, तिच्यावर आमचीच इमारत आहे. पण आजोबा संध्याकाळी खुर्ची टाकून ती असल्यासारखे बसतात. आयुष्यात त्यांनी गाडी चालवलेली नाही. मला म्हणाले, "काय रे, गाडीचं काय झालं ते नीट सांग." मी पंप, दाब, क्रँक असं सुरू केलं. त्यांनी हात वर केला. "असं नको. सरळ सांग. तेल कुठे असतं?"

"खाली, चेंबरमध्ये."

"म्हणजे बावखल. आणि लागतं कुठे?"

"वर. सगळीकडे."

"म्हणजे वाडी. मध्ये तुझा तो पंप, म्हणजे रहाट." बावखल, रहाट आणि वाडी या तीन शब्दांत त्यांनी माझी पुस्तिका बसवली. वसईची केळी आणि पानवेली पिढ्यानपिढ्या याच रचनेवर वाढल्या: बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, त्यावर रहाट, रहाटाला बैल, आणि पाटातून खेळणारं पाणी. "मग बावखलात पाणी आहे, बैल फिरतोय, तरी केळी माना टाकतायत, तर रहाटाला कशाला शिव्या देतोस? तळ बघ. एकतर गाळ भरलाय, नाहीतर तळच वर आलाय."

निदान इतकं सरळ होतं की मला ते पटलं नाही. शिवाय लगेच पुढे ते म्हणाले, "आणि ती गाडी विकून एक म्हैस घे," त्यामुळे पहिल्या वाक्याचं वजनही गेलं.

मग कुणीतरी एका जुन्या मिस्त्रीचं गॅरेज सुचवलं. तिथे स्क्रूड्रायव्हर कानाला लागला नाही. त्याने सेन्सर काढून त्याच जागी काट्याचं दाब-मीटर लावलं, क्षणभर इंजिन फिरवलं, बंद केलं आणि मला एकच प्रश्न विचारला, "खालून आपटली होती का?"

मी 'नाही' म्हणणार तोच बायको म्हणाली, "रोज आपटते."

इथे आमच्या गतिरोधकाची कथा सांगावी लागेल. गल्लीचं काँक्रीट झालं तेव्हा थोडा माल उरला. उरलेला माल बघून सेक्रेटरींच्या मनात मुलांच्या सुरक्षिततेचा विचार आला आणि गेटसमोर एक गतिरोधक जन्मला. त्याला उतार नाही. तो रस्त्यातून निघतो, वर जातो आणि एकदम संपतो. त्यावरून सायकल न्यायला उतरावं लागतं. नवा पाहुणा आला की 'धडाम' होतं आणि चौथ्या मजल्यावरून आवाज येतो, "आले वाटतं!"

मिस्त्रीने गाडी वर घेतली. चेंबरच्या तळाला एक खोल खड्डा पडला होता. बाहेरून खड्डा म्हणजे आतून उंचवटा. पंपाची तेल ओढायची जाळी चेंबरच्या तळापासून जेमतेम बोटभर वर असते. माझ्या चेंबरचा तळ तिला जवळजवळ चिकटला होता, आणि जी फट उरली होती तिच्यात काळा, डांबरी गाळ बसला होता. पंप बिचारा पूर्ण ताकदीने ओढत होता. त्याला तोंड उघडायला जागाच नव्हती. तळ वर आला होता आणि गाळही भरला होता. आजोबांनी 'एकतर' म्हटलं होतं तेवढंच चुकलं.

"गाळ कसा? मी तर गाडी किती जपून वापरतो," मी म्हणालो. "घर ते स्टेशन, स्टेशन ते घर. मधूनच पापडीचा बाजार."

"म्हणूनच," मिस्त्री म्हणाला. एवढ्याशा फेरीत इंजिन धड तापतच नाही. आत धरलेला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला जी ऊब लागते ती मिळत नाही; मग ते तेलात मिसळून राहतं आणि महिन्यांमागून महिने गाळ साठतो. घरी येऊन पुस्तिका काढली. ज्याला मी आजवर 'जपून वापरणं' समजत होतो, ते तिच्यात 'खडतर वापर' या सदरात, धुळीच्या रस्त्यांच्या आणि जड ओझ्याच्या पंक्तीला बसलं होतं. एरवी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ऑईल आणि फिल्टर बदला. खडतर वापरवाल्यांनी त्याच्याही आधी. लडाखला जाऊन आलेला शेजाऱ्याचा मुलगा साधा वापरकर्ता आणि वसई रोड स्टेशनला जाणारा मी खडतर!

पंप उघडायची वेळच आली नाही. नशीबच म्हणायचं, कारण पंप हा भाग तसा महाग नसतो, त्याच्यापर्यंत पोचणं महाग असतं. पुढचं अर्धं इंजिन सोडवावं लागतं. जाळी धुतली, चेंबर ठोकून सरळ केला, नवं पॅकिंग, नवा फिल्टर. नवं ऑईल घालायच्या वेळी सोसायटीतले एक हितचिंतक गॅरेजपर्यंत येऊन पोचले. त्यांचं म्हणणं, पुस्तिकेतलं 5डब्ल्यू-30 फार पातळ, आपल्या हवेला चांगलं घट्ट 20डब्ल्यू-40 घाला, जुन्या गाड्या त्यावरच चालल्या. चालल्या खऱ्या, पण त्यांच्या बेअरिंगमधल्या फटी आणि या इंजिनातल्या फटी एक नाहीत. ज्याच्या मापाने पंप आणि फटी आखल्या तेच तेल घालावं. माझ्या 5डब्ल्यू तेलाची पंपाने उपसून बघण्याची परीक्षा उणे 35 अंशांत होते, हे मी त्यांना सांगितलं. माणिकपुरात पारा 20 वर आला की ते स्वतः माकडटोपी घालतात. ते गप्प झाले. वसईकराला थंडीबद्दल गप्प करणं ही माझी त्या महिन्यातली एकमेव कमाई.

थंडीचं ठीक, पावसाळा मात्र कुणी हसण्यावारी नेऊ नये. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं तेव्हा आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाड्या बॉनेटपर्यंत बुडाल्या होत्या. पाणी ओसरल्यावर एका सद्गृहस्थांनी 'चालू होते का बघू' म्हणून चावी फिरवली. होत नाही, हे त्यांना कळलं. मिस्त्रीला कळायला मात्र इंजिन उघडावं लागलं. पट्टीवर ऑईल दुधाळ दिसलं तर ते पाणी असतं, आणि पंप ते तेवढ्याच निष्ठेने सगळीकडे पोचवतो. त्याला वाटतं, मालकाने काहीतरी विचार करूनच पाठवलं असेल.

गाडी घरी आली. दिवा चावीला लागतो, इंजिनाला विझतो. मी सेक्रेटरींकडे गेलो आणि चेंबरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला.

"म्हणजे गतिरोधक काम करतोय," ते म्हणाले.

गतिरोधक अजून तिथेच आहे. मी तो आता तिरका ओलांडतो, एकेक चाक करून, आणि आजोबा खुर्चीतून हात दाखवतात: ये, ये, अजून जरा, बस. मेहुण्याने परवा सांगितलं की त्याच्या नव्या गाडीत कसलातरी पिवळा दिवा लागतोय, पण 'काही होत नाही'.

तेव्हा माणिकपूर नाक्यावर कधी एखादी गाडी इंजिन बंद करून मधोमध उभी दिसली, तर कृपा करून हॉर्न मारू नका. ऑईलचा डबाही आणू नका. आणि सल्ला तर नकोच, त्याचा साठा तोवर वरच्या खुणेच्याही वर गेलेला असतो. जवळ एखादा जुना फडका असेल तर तेवढा द्या.